कथराडा गेले त्या आठवड्यात

सोमवार, २७ मार्च २०१७

निघायच्या आदल्या रात्री बाबांनी कपाटातून त्यांचा जुना पासपोर्ट काढून माझ्या हातात ठेवला. १९७९ सालचा, फिटर म्हणून कुवेतला गेले तेव्हाचा. कुठल्या देशात जाता येईल आणि कुठे नाही, ते आत लिहिलेलं. 'नाही'मध्ये दक्षिण आफ्रिका. "आमच्या वेळी तिकडं जायला आपल्याच सरकारची बंदी होती," बाबा म्हणाले आणि त्यांची नेहमीची गोष्ट सुरू झाली: ७४ साली आपण डेव्हिस कपची फायनल गाठली, समोर वर्णभेदवाली दक्षिण आफ्रिका आली, तर खेळलोच नाही. कप गेला तर गेला. ही गोष्ट सांगताना बाबांचा आवाज असा चढतो, जणू त्या टीममध्ये तेही होते.

मी निघाले होते ते प्राणी बघायला, खरं सांगायचं तर. जोहान्सबर्गला मामेभाऊ सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याच्याकडे चार दिवस, मग केपटाऊन, मंडेलांना कैदेत ठेवलेलं रॉबेन बेट, परत. सिंह जमला तर जमला.

विमानतळावर घ्यायला भाऊ येऊ शकला नाही, त्याने टॅक्सी पाठवली. ड्रायव्हर सोवेटोचा, बोलका. मी भारतातून आले हे कळताच आरशातून बघत म्हणाला, "ते गुप्ता तुमचेच ना?" मला आधी कळेचना. आपल्याकडे गुप्ता किती! मग त्यानेच समजावलं. सहारनपूरहून १९९३ च्या सुमारास आलेले तीन भाऊ, राष्ट्राध्यक्ष झुमांच्या घरात ऊठबस. मंत्री कोण व्हावं हेही म्हणे तेच ठरवतात, असा आरोप. लोकपाल थुली मदोन्सेला यांचा त्यावरचा जाडजूड अहवाल गेल्याच वर्षी आलेला. मी म्हटलं, आमचे नाहीत, मी मुंबईकडची. त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही. सोन्याच्या खाणींतून उपसलेल्या मातीचे पिवळट डोंगर मागे पडत होते. पुढे महामार्गावर पाटी दिसली, 'रिव्होनिया रोड'. मंडेलांना जन्मठेप झाली त्या ज्या खटल्याचं नाव शाळेत पाठ केलं, त्या नावाने भाजी आणायला जायचा रस्ता असतो हे तेव्हा सुचलं नव्हतं.

भावाच्या घरी टीव्हीवर एकच बातमी: अर्थमंत्री प्रवीण गोरधन परकीय गुंतवणूकदारांना भेटायला लंडनला गेले होते, त्यांना झुमांनी अर्ध्यातून परत बोलावलं. "काहीतरी शिजतंय, ताई," भाऊ म्हणाला. मला झोप आवरत नव्हती.

मंगळवार, २८ मार्च

सकाळी रेडिओवर. वर्णभेदाविरुद्ध लढलेले, मंडेलांचे साथी अहमद कथराडा गेले, वय ८७. मेंदूतली रक्ताची गुठळी काढायची शस्त्रक्रिया झाली होती, त्यातून उठले नाहीत.

वहिनीने पोहे परतता परतता हात थांबवला. ती इथे अकरा वर्षं आहे. "अंकल कॅथी गेले," म्हणाली. इथे सगळे त्यांना असंच म्हणतात. मी मनातल्या मनात जुळवाजुळव केली: १९६४ च्या जूनमध्ये मंडेलांबरोबर जन्मठेप झालेल्या आठांपैकी एक. विमानाने रॉबेन बेटावर नेलेल्या सातांमधले वयाने सगळ्यांत लहान. कैदी क्रमांक ४६८/६४. मंडेलांचा ४६६/६४.

आम्ही ठरल्याप्रमाणे वर्णभेद संग्रहालयात गेलो. तिथे तिकिटावरच तुमची जात ठरते. चिठ्ठी टाकल्यासारखं, कुणाला 'गोरा', कुणाला 'बिगरगोरा'. मला गोऱ्यांचं दार आलं, वहिनीला दुसरं. मधे जाळी. पन्नास पावलांची गंमत, पण जाळीपलीकडून वहिनी चालताना दिसत होती आणि मला तिच्याशी बोलायला काही सुचेना. ती मात्र तिकडून खुणा करत होती, पर्स सांभाळ म्हणून.

बुधवार, २९ मार्च

मुसलमानी रिवाज, मृत्यूनंतर लगेच दफन. त्यामुळे या देशाला रडायची तयारी करायलाही वेळ मिळाला नाही. वेस्टपार्क दफनभूमीत सकाळी कार्यक्रम. भावाच्या ऑफिसातली एक सहकारी तिकडे निघाली होती, म्हणाली, येणार असाल तर बसा गाडीत. ती लेनेशियाची. तिच्या तोंडी 'लेन्झ'. जोहान्सबर्गच्या दक्षिणेला लांब माळावर सरकारने भारतीयांसाठी वसवलेली वस्ती. तिचे आईवडील त्याआधी शहरालगत फीटासमध्ये राहायचे. वस्त्या रंगावरून वाटून देणारा कायदा १९५० चा, फीटासवर बुलडोझर फिरला सत्तरच्या दशकात. आईच्या घराचं दार कुठे होतं ते ती अजून गाडीतून बोटाने दाखवते. मलाही दाखवलं. मला फक्त गवत दिसलं.

रस्त्यात तिने विजारीची गोष्ट सांगितली. बेटावर उतरल्यावर सातही जणांना कपडे मिळाले. मंडेला, सिसुलू, गोवन म्बेकी ही चाळिशी-पन्नाशीतली माणसं, त्यांना अर्ध्या चड्ड्या. कारण ते काळे, आणि काळा माणूस कितीही वयाचा झाला तरी सरकारच्या लेखी 'बॉय'. कथराडा ३४ वर्षांचे, पण भारतीय, म्हणून त्यांना लांब विजार आणि मोजे. "सगळ्यांत धाकट्याला फुल पँट," ती म्हणाली, "ती घालायची लाज किती वाटली असेल!" मग गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, आम्ही सगळे त्या फुल पँटवालेच. हे वाक्य मला आठवडाभर पुरलं.

मोठा पांढरा मंडप. आम्ही मागे, खांबाजवळ उभ्या. माझ्या एका बाजूला डोक्याला ओढणी घेतलेल्या आज्या, दुसऱ्या बाजूला कम्युनिस्ट पक्षाचे लाल टी-शर्ट घातलेली पोरं. अरबी दुआ चालली होती तेव्हा ती पोरं टोप्या काढून उभी. थोड्या वेळाने कुणीतरी 'अमांडला!' ओरडलं, तर माझ्या शेजारच्या आजीने मूठ वर करून 'अवेथू!' म्हणून अशी साद दिली की मी दचकले. सत्ता कुणाची, आमची, असा त्याचा अर्थ. बाराव्या वर्षी तरुण कम्युनिस्टांच्या संघटनेत गेलेला माणूस कलमा म्हणत मातीत जात होता, आणि यात कुणाला काही विसंगत वाटत नव्हतं. आपल्याकडे एव्हाना हा कुणाचा यावरून दोन गट पडले असते.

माजी राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी होते, विनी मंडेला होत्या, उपराष्ट्राध्यक्ष रामाफोसा होते. झुमा नव्हते. कुटुंबाच्या इच्छेला मान देऊन येत नाही असं त्यांच्या कार्यालयाने आधीच जाहीर केलं होतं. ते का, हे मोट्लांथे बोलायला उभे राहिल्यावर उलगडलं. कगालेमा मोट्लांथे, माजी राष्ट्राध्यक्ष, शांत आवाजाचा माणूस. त्यांनी खिशातून जणू घरचंच पत्र काढावं तसं एक पत्र वाचायला घेतलं. ते कथराडांनी वर्षभरापूर्वी झुमांना लिहिलेलं. झुमांच्या न्कांडला इथल्या खासगी घरावर सरकारी पैसा उधळला गेला, त्यावर घटना न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला, तेव्हाचं. मी आयुष्यभर पक्षातले मतभेद चारचौघांत बोललो नाही, असं म्हणून सुरुवात. आणि शेवटी विनंती: लोकांच्या इच्छेपुढे मान तुकवा, राजीनामा द्या.

ते वाक्य आलं आणि मंडप उठला. टाळ्या नव्हेत, आधी एक हुंकार, मग खुर्च्या सरकल्याचा आवाज, मग टाळ्या. मयताच्या ठिकाणी एवढ्या टाळ्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. मला आपल्याकडचं आठवलं, मयताला गेलं की मेलेल्याबद्दल वाईट बोलायचं नाही. इथे मेलेलाच बोलत होता, जिवंत असलेल्याबद्दल. त्या पत्राला उत्तर आलंच नव्हतं, हेही मोट्लांथेंनी सांगितलं.

मग कथराडा फाउंडेशनचे नीशान बाल्टन उभे राहिले. त्यांनी गोरधन यांना जागेवर उभं राहायला सांगितलं. येत्या काही दिवसांत तुम्ही मंत्री असा वा नसा, कथराडांना तुमचा अभिमान वाटला असता, अशा अर्थाचं बोलले. गोरधन उभे राहिले. चष्मा काढला, डोळे पुसले. अर्थमंत्र्याला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. आपल्याकडे अर्थमंत्र्यांमुळे लोक रडतात. शेजारच्या आजी मला कोपराने ढोसून म्हणाल्या, "लुक ॲट हिम, लुक ॲट हिम."

दफनाला पुरुष पुढे गेले. आम्ही तिथेच थांबलो. परतताना दोन मुली एकमेकींना 'हंबा काहले' म्हणत होत्या. जाणाऱ्याला म्हणायचं, नीट जा. आपण जाणाऱ्याच्या तोंडी 'येतो' घालतो, हे लोक जाऊ देतात.

गुरुवार, ३० मार्च

सकाळी रिव्होनियातलं लिलीजलीफ. भावाच्या घरापासून गाडीने जवळच. १९६३ मध्ये हे शहराबाहेरचं शेत होतं, आता चहूकडे भिंती घातलेले बंगले. इथे भूमिगत नेते लपायचे, मंडेला गड्याच्या वेषात राहिले होते. ११ जुलै १९६३ ला लॉन्ड्रीची गाडी आवारात आली, मागचं दार उघडलं आणि कपड्यांऐवजी पोलीस आणि कुत्रे उतरले. शाकारलेल्या छपराच्या खोलीत बैठक चालली होती, कथराडा त्यातच. त्यांनी केस लालसर रंगवलेले, नाव घेतलेलं पेद्रो परेरा, पोर्तुगीज म्हणून. खोली बघितली. एवढीशी. खिडकी माझ्या कमरेएवढी उंच, बाहेर लगेच हिरवळ. पळून जाण्याएवढी जागा आहे आणि नाहीही.

दुपारी हट्टाने मार्केट स्ट्रीटला गेले, खोलवड हाउस बघायला. भाऊ कुरकुरला, तिकडे मोबाइल हातात धरून चालू नको म्हणाला. खोलवड हे सुरतेजवळचं गाव. गिरणगावात गावकीच्या खोल्या असायच्या, कोकणातून आलेला पोरगा आधी तिथे पथारी टाकायचा, तसलाच प्रकार वाटला नाव ऐकून. १३ नंबरचा फ्लॅट कथराडांचा. त्यांच्याआधी तिथे इस्माईल मीर राहायचे, तेव्हा मंडेला विटवॉटर्सरँड विद्यापीठात कायदा शिकत होते. शेवटची गाडी चुकली की मंडेला इथेच झोपायचे. कथराडांचे आईवडील सुरत जिल्ह्यातल्या लाजपूरचे. त्यांचा जन्म १९२९ चा, श्वायझर-रेनेके या आडगावचा. तिथल्या शाळा गोऱ्या आणि काळ्या मुलांसाठी, भारतीय पोराला एकही नाही. म्हणून आठव्या वर्षी आईबापांना सोडून जोहान्सबर्गला. मला वाटतं सगळ्याचं मूळ तिथे आहे, त्या आठव्या वर्षात. अर्थात हे माझं वाटणं. वर जायला रखवालदाराने सोडलं नाही. खाली दुकानात प्लास्टिकच्या बादल्या आणि केसांचे टोप लटकत होते. मी एक चिक्कीचं पाकीट घेतलं, आपल्यासारखी नाही लागत.

रात्री उशिरा, झोपायला जाणार तोच भावाने हाक मारली. झुमांनी मध्यरात्रीच्या सुमाराला मंत्रिमंडळ बदललं. गोरधन गेले, त्यांचे उपमंत्री म्चेबिसी जोनास गेले. कथराडांना माती देऊन दोन दिवसही झाले नव्हते.

शुक्रवार, ३१ मार्च

केपटाऊनचं विमान. दोन तास. विमानतळावरच्या टीव्हीपुढे माणसं हाताची घडी घालून उभी, इथल्या चलनाचा, रँडचा भाव घसरताना बघत. काउंटरवरचा मुलगा माझ्या पासपोर्टकडे बघून तेच म्हणाला, गुप्ता. आता मी तयार होते. म्हटलं, कथराडाही तिकडचेच. तो हसला, "नो, ही वॉज अवर्स."

संध्याकाळी टेबल माउंटनवर ढगाची चादर. थंड वारा. जास्त काही नाही.

शनिवार, १ एप्रिल

रॉबेन बेट. फेरी वॉटरफ्रंटवरून सुटते, समुद्र खवळलेला, एक जर्मन काका कागदी पिशवीत तोंड घालून बसले होते. आधी बसने फिरवतात: वर्णभेदविरोधी नेते सोबुक्वे यांना एकट्याला ठेवलेलं घर, चुनखडीची खाण. त्या पांढऱ्या दगडाच्या लखलखाटाने कैद्यांचे डोळे अधू झाले, काळा चष्मा मागून मागून वर्षांनी मिळाला. तुरुंगाच्या दाराजवळ एका मुसलमान अवलियाचा दर्गा, हिरवा घुमट. तुरुंग आणि दर्गा एकाच आवारात, हे मला कुठल्याही पुस्तकात ठसलं नव्हतं.

पुढचा वाटाड्या स्वतः इथला माजी राजकीय कैदी. बोलताना तो कधीच 'ते' म्हणत नाही, 'आम्ही' म्हणतो. सामूहिक कोठडीत त्याने जेवणाचा तक्ता दाखवला. दोन रकाने. 'ब' म्हणजे मिश्रवर्णी आणि आशियाई, 'क' म्हणजे बांटू, काळे आफ्रिकी. मांस 'ब'ला सहा औंस, 'क'ला पाच. जॅम 'ब'ला एक औंस, 'क'ला अजिबात नाही. मी तो तक्ता तीनदा वाचला. एक औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम, दोन चमचे. कुणीतरी गणवेशातल्या माणसाने खुर्चीत बसून, टाइपरायटरवर हे बसवलं असणार: कथराडाच्या ताटात मंडेलापेक्षा किती चमचे जॅम जास्त. आणि गोऱ्या डेनिस गोल्डबर्गला तर या बेटावर आणलंच नाही. शिक्षा तीच, पण त्यांचा तुरुंग प्रिटोरियात. आता त्या आठांतले गोल्डबर्ग आणि अँड्रू म्लांगेनी दोघेच उरले.

'बी' विभागाचं अंगण. मंडेलांनी इथे आत्मचरित्र लिहिलं, चोरून, रात्री. लिहिलेली पानं कथराडा आणि सिसुलू वाचून सूचना करायचे, सहकैदी मॅक महाराज आणि लालू चिबा बारीक अक्षरात उतरवून काढायचे. मूळ पानं डब्यात घालून अंगणात पुरली. भिंत बांधायला खणलं आणि डबा सापडला. कागदांवर कथराडांचंही अक्षर ओळखू आलं. शिक्षा म्हणून मंडेला, सिसुलू आणि कथराडा या तिघांची अभ्यासाची परवानगी चार वर्षं काढून घेतली. पदवीमागून पदवी घेत असलेल्या माणसाला याहून नेमकी शिक्षा कोणती! प्रत मात्र मॅक महाराजांबरोबर १९७६ मध्ये बाहेर पोचली होती.

वाटाड्या म्हणाला, पाहुणे आले की कॅथी स्वतः फिरवायचे. ओबामांना त्यांनीच नेलं, कॅस्ट्रोंनाही. इथे १८ वर्षं, मग १९८२ मध्ये पोल्समूरचा तुरुंग, १५ ऑक्टोबर १९८९ ला सुटका. एकूण २६ वर्षं आणि ३ महिने. सगळ्यांत जास्त काय आठवायचं असं कुणी विचारलं तर कथराडा म्हणायचे, लहान मुलं. इतकी वर्षं लहान मुलाचा आवाज नाही.

आमच्या गटात एक बाळ होतं, बाबागाडीत. ते नेमकं त्याच वेळी भोकाड पसरून रडायला लागलं. आई कावरीबावरी होऊन बाहेर निघाली तर वाटाड्याने तिला हाताने थांबवलं. "राहू दे," म्हणाला. आम्ही सगळे ते बाळ रडायचं थांबेपर्यंत त्या बोळात उभे राहिलो. पाचेक मिनिटं असतील.

रविवार, २ एप्रिल

वहिनीच्या ओळखीने रायलँड्समध्ये एका कोकणी मुसलमान घरी जेवण. मला कल्पनाच नव्हती: रत्नागिरी-रायगडकडची माणसं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून केपटाऊनला येत होती. घरातल्या आजी पंच्याऐंशीच्या पुढच्या. आधी डिस्ट्रिक्ट सिक्समध्ये राहायच्या. १९६६ मध्ये सरकारने तो भाग गोऱ्यांचा म्हणून जाहीर केला आणि पुढे घरं पाडली. नातवंडं इंग्रजीत बोलतात. आजींच्या तोंडी मात्र अजून गावची बोली, मधेच आफ्रिकान्स शब्द घुसलेले.

मी आत शिरले तशी त्यांनी डोळे बारीक करून विचारलं, "कुणाची गो तू?"

मी दापोलीजवळचं आजोळचं गाव सांगितलं. मान हलली. मग कुठल्या वाडीची, आई कुणाची, समुद्राकडची की घाटाकडची. गुप्तांबद्दल त्यांनी विचारलं नाही. तांदळाची भाकरी होती, खोबरं घातलेली कोलंबी होती, आणि बाजूला केपची गोड कोकसिस्टर. भाकरी त्यांनी स्वतः माझ्या ताटात मोडून घातली.

टीव्ही चालूच होता. काल जोहान्सबर्गच्या सिटी हॉलमध्ये झालेल्या शोकसभेची दृश्यं. सरकारने त्या दिवशीचा आपला कार्यक्रम रद्द केला होता, तरी लोकांनी हॉल भरला. पदावरून काढलेले गोरधन व्यासपीठावर, लोक उभे. मग कथराडांचा फोटो, पांढरे केस, मोठा चष्मा, ओठ मिटून हसणं.

आजी भाकरी चावता चावता फोटोकडे बघत राहिल्या. मी विचारलं, ओळखायचात का त्यांना?

"सुरती तो," त्या म्हणाल्या. इथे सुरती आणि कोकणी यांचं फारसं पटत नसे, हे मला नातसुनेने नंतर स्वयंपाकघरात सांगितलं. आजींनी घास गिळला. "पण माणूस बरा होता."

आणि माझ्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली.